रीफ टँकमध्ये कोणता डॅमसेल चालतो, कोणता नाही

माझ्या पहिल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, मी सर्वांत आधी सोडलेला मासा डॉमिनो होता, डॅमसेल या छोट्या समुद्री माशांपैकी एक. जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, काजळासारखा काळा, कपाळावर एक आणि दोन्ही अंगांना एकेक पांढराशुभ्र ठिपका. टँक चार फुटी, २४० लिटरचा. त्यात हा एवढासा जीव दिवसभर भिरभिरायचा आणि आम्ही घरातले सगळे त्याच्याकडे बघत बसायचो. तीन वर्षांत तो माझ्या तळहाताएवढा झाला. ठिपके पुसट झाले, काळा रंग मळकट राखाडी झाला. नंतर आणलेल्या एका फायरफिशला, म्हणजे एका लहान बुजऱ्या माशाला, त्याने इतकं पिटाळलं की एका रात्री तिने टँकबाहेर उडी मारली. सकाळी ती मला फरशीवर सुकलेली सापडली.

त्या रविवारी मी आणि माझ्या नवऱ्याने ३५ किलो लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेला खडक) एकेक करून बादल्यांत काढला, कोरलं वेगळ्या टबात ठेवली, पाणी निम्म्यावर आणलं, तेव्हा कुठे तो एक मासा जाळीत आला. पाच तास गेले. एका मोठ्या टँकवाल्या ओळखीच्या माणसाने त्याला घेतलं आणि तिथे तो पुढे कितीतरी वर्षं मजेत राहिला, ही त्यातली चांगली गोष्ट.

डॉमिनोने काही वावगं केलं नव्हतं. डॉमिनो जसा वागतो तसाच तो वागला. चूक निवडीत होती, आणि ती माझी होती. त्यानंतरच्या चौदा वर्षांत मी डॅमसेलच्या नऊ जाती पाळल्या आणि आजही माझ्या टँकमध्ये डॅमसेल आहे. या माशांना सरसकट ‘गुंड’ म्हणून बाजूला टाकणं मला पटत नाही. पण निवडताना डोळ्यांसमोरचं पिल्लू बघून चालत नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण डॅमसेलचे दिसत नाहीत; ते आधीच माहीत करून घ्यावे लागतात.

हा मासा असा का वागतो

डॅमसेल म्हणजे पोमासेंट्रिडी कुटुंब. त्यात सुमारे ४०० जाती आहेत. आपले लाडके क्लाउनफिश याच कुटुंबातले, हिरवे-निळे क्रोमिसही याच कुटुंबातले. एक गंमत सांगते: बहुतेक माशांना तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नाकपुड्या असतात, डॅमसेलला सहसा एकेकच. भिंग घेऊन बघा.

समुद्रात बहुतेक डॅमसेल खडकाचा किंवा प्रवाळाचा एक तुकडा स्वतःचा मानून राहतात. खाणं तिथेच, लपायची फट तिथेच, आणि नराचं घरटंही तिथेच. कोणी जवळ आलं की तो अंगावर धावतो, समोरचा निघून जातो, भांडण तिथे मिटतं. आपल्या टँकमध्ये नेमकं हेच होत नाही. चार फुटी टँक हा त्याच्या लेखी अख्खाच्या अख्खा ‘माझा तुकडा’ असू शकतो, आणि हरलेल्या माशाला निघून जायला जागाच नसते. मग समुद्रात दोन सेकंदांत संपणारं भांडण टँकमध्ये आठवडाभर चालतं.

म्हणून मी कुठलाही डॅमसेल घेण्याआधी तीन गोष्टी तपासते. हा मोठेपणी किती वाढतो? याचा स्वतःचा तुकडा केवढा लागतो? आणि माझ्या टँकमध्ये आधीपासून कोण राहतंय? रंग चौथ्या नंबरवर.

नाव विचारा, शास्त्रीय नाव

‘ब्लू डॅमसेल’ या एका नावाखाली मी किमान पाच वेगवेगळ्या जाती विकताना पाहिल्या आहेत. त्यातला एक आयुष्यभर शहाण्यासारखा राहतो आणि दुसरा टँक ताब्यात घेतो. शास्त्रीय नावं उच्चारायला जड वाटतात, पण ती एकदा जिभेवर बसली की फसगत होत नाही. काही नावांमागे माणसंही आहेत. स्प्रिंगर डॅमसेलचं नाव स्मिथसोनियनमधले मत्स्यशास्त्रज्ञ व्हिक्टर स्प्रिंगर यांच्यावरून, टॅलबॉटचं नाव ऑस्ट्रेलियन म्युझियमचे संचालक राहिलेले फ्रँक टॅलबॉट यांच्यावरून. गेराल्ड ॲलन यांनी डॅमसेलचा अभ्यास आयुष्यभर केला, म्हणून एका सुंदर निळ्या माशाला ॲलनचं नाव मिळालं. मला ती नावं अशीच पाठ झाली.

सामूहिक, म्हणजे अनेक जातींचे मासे एकत्र असलेल्या रीफ टँकसाठी पहिल्यांदा बघायचा तो क्रायसिप्टेरा हा गट. यातले बरेचसे सहा-सात सेंटिमीटरवर थांबतात. पण याच गटात सौम्यही आहेत आणि तिखटही, म्हणून निळे मासे नीट ओळखायला शिका. काचेसमोर उभं राहून मी असं बघते.

अंग निळं आणि फक्त शेपटी पिवळी, शेपटीच्या बुडाशी रेघ मारल्यासारखा रंग बदलतो, पोट निळंच: हा यलोटेल, क्रायसिप्टेरा पॅरासेमा. साधारण सात सेंटिमीटर होतो. कोणी मला एकच डॅमसेल सुचवायला सांगितला तर मी डोळे मिटून हाच सांगते. काटक आहे, निळा रंग वर्षानुवर्षं टिकतो, आणि स्वतःच्या फटीपासून वीतभर अंतरावर कोणी काय करतंय याची तो सहसा पर्वा करत नाही. टँकमध्येच जन्मलेली पिल्लंही मिळतात. मिळाली तर तीच घ्या. ती आधीपासून दाणे खायला शिकलेली असतात.

पिवळा रंग शेपटीपुरता न राहता पोटाखालून पुढे आला असेल, म्हणजे माशाचा खालचा मागचा भाग पिवळा आणि वरचा निळा असेल, तर तो अझ्यूर, क्रायसिप्टेरा हेमिसायनिया. स्वभावाने यलोटेलसारखाच, माझ्या अनुभवात थोडा जास्त बुजरा. या दोघांची दुकानात सर्रास अदलाबदल होते. सुदैवाने ही अदलाबदल झाली तरी नुकसान नाही.

पिवळा कुठेच नाही, अंग आखूड आणि गोलसर, निळ्यावर गडद डाग आणि शाई फुटल्यासारख्या रेघा: स्प्रिंगर, क्रायसिप्टेरा स्प्रिंगेरी. पाच-साडेपाच सेंटिमीटर. माझा आवडता. हा खडकाच्या कडेकडेने फिरत बारीक जीव टिपतो. फ्लॅटवर्म, म्हणजे टँकमध्ये पसरणारे बारीक चपटे किडे, खाण्याबद्दल याचं नाव आहे आणि माझ्याकडच्या एकाने ते खरंच खाल्ले. पण फ्लॅटवर्मचा उपाय म्हणून मासा आणू नका. मासा आवडला तर आणा.

पिवळा कुठेच नाही, पण अंग लांबट, झगझगीत निळं, आणि तोंडापासून डोळ्यातून जाणारी काळी रेघ: हा ब्लू डेव्हिल, क्रायसिप्टेरा सायनिया. इथे थांबा. हाच सर्वांत जास्त विकला जातो, आणि खरं सांगायचं तर सर्वांत देखणाही हाच. साडेआठ सेंटिमीटरपर्यंत जातो. मादीच्या पाठीवरच्या पराच्या (फिनच्या) मागच्या टोकाशी एक छोटा काळा ठिपका असतो आणि तिची शेपटी पारदर्शक असते. काही भागांतल्या नरांची शेपटी नारिंगी असते. मोठा नर टँकमध्ये स्थिरावला की तो दोन-अडीच फुटांचा पट्टा सहज आपला मानतो. ३०० लिटरच्या वर टँक असेल, सोबतीला टँग किंवा ड्वार्फ एंजेलसारखे अंगात रग असलेले मासे असतील, तर एक मादी किंवा एक नर आणि दोन माद्या ठेवता येतात. माझ्या २४० लिटरमध्ये मी एकदा नर ठेवला होता. पहिले सहा महिने अगदी गुणी होता, मग त्याने एका खडकाखाली घरटं केलं आणि टँकचा डावा अर्धा भाग बाकी सगळ्यांसाठी बंद झाला.

जाता जाता: ब्लू डेव्हिल घाबरला की जवळजवळ काळा पडतो आणि फटीत शिरून बसतो. नवीन आणलेला मासा काळवंडला म्हणून तो मेला किंवा आजारी आहे असं समजू नका. दिवे मंद करा, एक-दोन दिवस द्या. निळा परत येतो.

सगळेच क्रायसिप्टेरा निळे नसतात. टॅलबॉट, क्रायसिप्टेरा टॅलबॉटी, हा पुढून पिवळा, मागे फिकट जांभळट, पाठीवर एक मोठा काळा डोळ्यासारखा ठिपका. सहा सेंटिमीटर. फार कमी लोक पाळतात आणि याचं मला वाईट वाटतं, कारण शांत टँकसाठी याच्याइतका योग्य डॅमसेल मला अजून दुसरा सापडलेला नाही. क्रायसिप्टेरा रोलँडी हाही त्याच प्रकृतीचा. उलट फिजीकडून येणारा क्रायसिप्टेरा टॉपू, निळ्यावर पिवळं पोट असलेला, हा दिसायला अझ्यूरचा भाऊ आणि वागायला ब्लू डेव्हिलच्या जवळचा. निळं-पिवळं काहीही दिसलं तर विक्रेत्याला तो कुठून आला ते विचाराच.

क्रायसिप्टेराबाहेरचा एकच निळा मी मनापासून सुचवेन: ॲलनचा डॅमसेल, पोमासेंट्रस ॲलनी. लांबट निळं अंग, पोट आणि खालचा पर पिवळा, आणि शेपटीच्या खालच्या पात्यात एक काळा पट्टा. तो पट्टा ही खूण लक्षात ठेवा, कारण त्याचा नातेवाईक पोमासेंट्रस सिलेस्टिस अगदी तसाच दिसतो पण त्याच्याकडे पट्टा नसतो, तो मोठा होतो आणि टँकमध्ये त्याचा रंगही उतरतो.

जे पिल्लू म्हणून भुलवतात

या भागात मी जरा कडक बोलणार आहे, कारण यातला प्रत्येक मासा शेवटी कोणाच्या तरी टँकमधून खडक उपसून काढावा लागतो.

डॅसिलस गट: तीन काळे पट्टे असलेला हंबग, डॅसिलस अरुआनस, चौथा पट्टा शेपटीवर असलेला डॅसिलस मेलॅन्यूरस, आणि माझा डॉमिनो, डॅसिलस ट्रायमॅक्युलेटस. समुद्रात हंबगचे थवे एकाच फांदीदार प्रवाळाच्या डोक्यावर राहतात, धोका दिसला की सगळे एकदम फांद्यांत शिरतात. बघायला फार सुंदर. पण त्या थव्यात लहान-मोठ्याची उतरंड पक्की असते, मोठी मादी पुढे नर होते, आणि हे राजकारण टँकमध्ये आणलं की सर्वांत खालचा मासा मरतो. हंबग दहा सेंटिमीटर, डॉमिनो चौदापर्यंत. सामूहिक टँकमध्ये हे नकोतच.

निओग्लिफिडोडॉन गट तर मला सर्वांत जास्त फसवा वाटतो. यातल्या ऑक्सिओडॉन जातीचं पिल्लू मखमली काळं, त्यावर विजेसारख्या निळ्या रेघा आणि मानेमागे एक फिकट उभा पट्टा. मेलास जातीचं पिल्लू पांढरट, पाठ पिवळी, खाली निळे पर. दोघांनाही बघून हात आपोआप पिशवीकडे जातो. पण ऑक्सिओडॉन पंधरा सेंटिमीटर होतो आणि मेलास अठरा. मोठेपणी दोघांचं ते बालपणीचं रूप राहत नाही; मेलास तर पूर्ण काळा होतो. रंग जातो आणि राग येतो, असं मी या दोघांबद्दल नेहमी सांगते.

ज्वेल डॅमसेल नावाने विकला जाणारा, काळ्यावर निळे हिरे जडवल्यासारखा दिसणारा कॅरिबियन मासा मायक्रोस्पॅथोडॉन क्रायसुरस वीस सेंटिमीटर पार करतो. सार्जंट मेजर, म्हणजे ॲबुडेफ्डफ, त्याच मापाचा. स्टेगॅस्टिस या डॅमसेल गटाचा प्रश्न वेगळा आहे आणि रीफवाल्यांनी तो समजून घ्यावा. हे मासे शेवाळाची शेती करतात. स्वतःच्या तुकड्यात नको ते शेवाळ उपटतात, हवं ते वाढू देतात, आणि शेतीसाठी जागा हवी म्हणून काही जाती जिवंत कोरलचे पॉलिप कुरतडून मारतातही. डॅमसेल कोरलला त्रास देत नाहीत हे वाक्य तुम्ही सगळीकडे ऐकाल. क्रायसिप्टेरासाठी ते खरं आहे. सगळ्या कुटुंबासाठी नाही.

क्रोमिसच्या थव्याचं स्वप्न

क्रोमिस व्हिरिडिस, तो हिरवट-निळा चमकणारा मासा. सामूहिक टँकसाठी डॅमसेल विचारलं की सगळे याचंच नाव घेतात, कारण एकटा-दुकटा क्रोमिस खरंच कोणाच्या अध्यात-मध्यात नसतो. मी सात आणले होते. दोन महिन्यांनी पाच, वर्षाअखेर दोन. कुठला मासा मेलेला दिसलाच नाही. फक्त मोजणी कमी होत गेली. थव्यातला सर्वांत वरचा सर्वांत खालच्याला हळूहळू खाण्यापासून तोडतो, तो संपला की पाळी त्याच्या वरच्याची.

एवढंच कारण नाही. क्रोमिसमध्ये युरोनेमा हा एकपेशीय परजीवी फार आढळतो. अंगाच्या बाजूला लालसर, रक्ताळलेला चट्टा दिसला की तो मासा काही दिवसांचाच सोबती. दुकानातल्या टाकीत एकाच्या अंगावर असा चट्टा असेल तर त्या टाकीतला एकही क्रोमिस घेऊ नका, बाकीचे कितीही टवटवीत दिसोत.

थवा हवाच असेल तर ४०० लिटर आणि त्याहून मोठा टँक, सगळे एकाच दिवशी, एकाच मापाचे, आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडं-थोडं खाणं. पोटभर खाल्लेला थवा कमी भांडतो. यापेक्षा लहान टँक असेल तर एक क्रोमिस ठेवा.

आधीच राहणारे शेजारी

क्लाउनफिशची जोडी असेल तर ती डॅमसेल म्हणूनच मोजा. ऑसेलारिस जातीच्या क्लाउनची जोडी यलोटेल किंवा स्प्रिंगरबरोबर उत्तम राहते, पण दोघांना टँकची वेगवेगळी टोकं मिळाली तर. माझ्या क्लाउन जोडीचा कोपरा उजवीकडे, हॅमर कोरलच्या पायथ्याशी. म्हणून मी फटी आणि गुहा डावीकडे ठेवल्या आणि स्प्रिंगरने आपोआप डावीकडे घर केलं. ‘मरून’ (maroon) जातीचा क्लाउनफिश असेल तर मात्र डॅमसेलचा विचार सोडा. तिथे मार डॅमसेललाच बसेल.

समुद्रघोडे आणि पाइपफिश यांच्यासोबत कुठलाच डॅमसेल नको, सौम्यातला सौम्यही नको. त्यांना शांतपणे, सावकाश खावं लागतं आणि डॅमसेल अर्ध्या मिनिटात वाडगं साफ करतो. फायरफिश आणि बारीक गोबी यांच्याबाबत मी आता सावध आहे. टॅलबॉट किंवा यलोटेल, टँकवर घट्ट जाळीचं झाकण, आणि फायरफिश आधीपासून स्थिरावलेली, एवढं असेल तर जमतं. फेअरी रास, ड्वार्फ एंजेल, वॉचमन गोबी आणि त्याची पिस्टल कोळंबी, रॉयल ग्रॅमा, फॉक्सफेस यांच्याबरोबर मला कधी अडचण आली नाही. क्लीनर कोळंबी आणि गोगलगाईंकडे लहान क्रायसिप्टेरा ढुंकूनही बघत नाहीत.

दोन वेगळ्या जातींचे डॅमसेल एकत्र चालतात का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. रंग आणि घडण जितकी वेगळी तितकं बरं. निळ्याला निळा दिसला की तो त्याला आपल्यातलाच प्रतिस्पर्धी समजतो. म्हणून यलोटेलसोबत अझ्यूर नको. यलोटेलसोबत टॅलबॉट चालेल. माझं माप असं: १०० लिटरपर्यंत एक यलोटेल किंवा टॅलबॉट, बस. २०० ते २५० लिटरमध्ये वेगळ्या रंगाचे दोन, किंवा एकाच वेळी सोडलेली तीन लहान यलोटेल. त्यापुढे खडकाची रचना किती तुटक आहे यावर ठरवा. एकसंध भिंतीपेक्षा मध्ये वाळू असलेले दोन-तीन वेगळे ढीग केव्हाही चांगले, कारण मोकळी वाळू ही माशासाठी हद्द असते.

टाकीसमोर दहा मिनिटं

मासा निवडताना घाई करू नका. दुकानातल्या टाकीत एक कोपरा धरून बाकीच्यांना हुसकावणारा मासा सर्वांत तजेलदार दिसतो. तो घेऊ नका. तो तुमच्याकडेही तेच करेल. सर्वांत मागे दबून राहिलेला, पर फाटलेलाही नको. मधल्या फळीतला, मोकळ्या पाण्यात फिरणारा, कल्ले शांतपणे हलवणारा मासा बघा. पोट आत गेलेलं नसावं, पाठीचा कणा वरून धारदार दिसू नये, डोळे स्वच्छ असावेत. मग विक्रेत्याला थोडं खाणं टाकायला सांगा. डॅमसेल आणि खाण्याकडे दुर्लक्ष, असं झालं तर तो मासा बरा नाही.

नुकताच आलेला माल असेल तर मी आठवडाभर थांबते. आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे सायनाइडने बधिर करून पकडण्याची वाईट पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. तसा मासा वरून ठीक दिसतो, खातोही, आणि काही दिवसांनी अचानक जातो. आठवडाभर नीट खाणारा मासा घेतला की धोका बराच कमी होतो. टँकमध्ये जन्मलेला मासा असेल तर हा प्रश्नच येत नाही.

सोडायचं कसं आणि कधी

डॅमसेल काटक असतात म्हणून नव्या टँकची सायकल करायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवायला, त्यांना सोडायची जुनी रीत होती. कृपया हे करू नका. अमोनियाने त्यांचे कल्ले जळतात, आणि तो सोसून जो जगतो तो पुढे टँकचा मालक होऊन बसतो. सायकल बाटलीतल्या अमोनियाने, माशाविना करता येते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान २५–२६ अंश, पाण्याची विशिष्ट घनता (क्षारतेचं माप) १.०२५ च्या आसपास स्थिर, हे झाल्यावरच मासे.

क्रम असा ठेवा: सर्वांत भित्रे मासे आधी, मग क्लाउन, आणि डॅमसेल शेवटी. मध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर असू द्या. आणल्यावर चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये. ३०–४० लिटरचा साधा टँक, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसीचा एल्बो एवढं पुरतं. अंगावर पांढरे ठिपके किंवा मखमली धूळ, म्हणजे परजीवींची लागण, दिसली तर तांब्याचं औषध तिथेच द्यायचं. रीफमध्ये ते गेलं तर कोरलं आणि कोळंबी मरतील.

मुख्य टँकमध्ये सोडण्याच्या दिवशी मी आधी जुन्या माशांना पोटभर मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) घालते. एक-दोन खडक हलवून ठेवते, म्हणजे जुन्यांच्याही हद्दी थोड्या पुसल्या जातात. नवा मासा भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात तीन ते पाच दिवस टँकच्या आतच टांगलेला राहतो. पहिल्या दिवशी सगळे डब्याभोवती घोंगावतात. ज्या दिवशी कोणी त्याच्याकडे बघेनासं होतं, त्या संध्याकाळी दिवे गेल्यावर डबा उघडायचा.

मग महिनाभर रोज पाच मिनिटं फक्त बघा. एखादी धाव, परांची फुगवाफुगवी, हे चालायचंच. एकच मासा सतत वरच्या कोपऱ्यात किंवा पंपाच्या मागे दिसू लागला, खायला येईनासा झाला, पर तुटलेले दिसले, तर वाट पाहू नका. टँकबाहेर काचेला एक आरसा लावून बघा; डॅमसेल काही दिवस त्या प्रतिबिंबाशी झुंजण्यात गुंततो आणि मार खाणाऱ्याला श्वास मिळतो. त्या दिवसांत सापळा लावा. मी पारदर्शक सापळा दार उघडं ठेवून आत खाणं टाकत राहते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासा निर्धास्त आत शिरतो. काढलेल्या माशाला आठ-दहा दिवस वेगळं ठेवून परत सोडलं की पुष्कळदा तो नवखा म्हणून येतो आणि नरमतो. नाहीच नरमला तर त्याच्यासाठी मोठं घर शोधा.

एक प्रसंग मात्र वेगळा ओळखा. शांत यलोटेल अचानक तुमच्या हातावर धावून आला, एखादा शंख किंवा खडकाची बाजू घासून स्वच्छ करताना दिसला, तर टॉर्च घेऊन आत बघा. मोहरीपेक्षा बारीक, एकमेकांना चिकटून बसलेली अंडी दिसतील, आणि नर त्यांना परांनी वारा घालत असेल. साधारण चार दिवसांनी, दिवे गेल्यावर, ती फुटतात. तेवढे दिवस तो बाजूचा भाग साफ करू नका, खडक हलवू नका, आणि खाणं टँकच्या दुसऱ्या टोकाला टाका म्हणजे बाकीचे तिकडेच राहतील. माझ्या स्प्रिंगरची मागची खेप मंगळवारी फुटली. बुधवारी सकाळी तो पुन्हा खडकाच्या कडेने बारीक जीव टिपत फिरत होता आणि क्लाउन त्याच्या शंखाजवळून गेले तरी त्याने मान वळवली नाही.